आधी वास, मग घोट

प्रमिलाबाई वाबळे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात आपणही लिहावं, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलो. या ग्रंथात लिहिणारे बहुतेक जण बाईंचे राहुरीच्या शाळेतले विद्यार्थी आहेत. त्यांतले कुणी डॉक्टर झाले, कुणी प्राध्यापक, कुणी साखर कारखान्यात केमिस्ट. मी बाईंच्या वर्गात कधी बसलेलो नाही. मी केडगावचा, टेम्पो ट्रॅव्हलर चालवून सहली नेणारा माणूस. पण बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जी दुसरी शाळा काढली, तिचा मी विद्यार्थी आहे, आणि त्या शाळेविषयी लिहायला माझ्याइतका जुना माणूस दुसरा नाही, असं अप्पांनीच, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, मला सांगितलं. म्हणून हे धाडस करतो आहे.

पहिली भेट हुरड्याच्या दिवसांतली. नगरच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल घेऊन मी मिरजगावकडे निघालो होतो. मंडळींना हुरडा खायचा होता. पण त्यांच्यातल्या एकांनी ऐकलं होतं की मिरजगावच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की एक वाइनरी आहे आणि ती शाळेतल्या एक निवृत्त बाई चालवतात. तेव्हा हुरडा झाल्यावर तिकडेही डोकावू, असं ठरलं. गाडीत नुसती खुसखुस चालली होती. फोटो काढा पण ग्रुपवर टाकू नका, असं दोघीतिघींनी बजावून सांगितलं. एक काका तर गाडीतून उतरायला तयार नव्हते, मग म्हणाले, नुसतं बघायला येतो.

बाई समोरून आल्या त्या पायात गमबूट, अंगावर सुती साडी आणि वरून अप्पांचा जुना स्वेटर अशा वेषात. वेलींच्या ओळींतून त्यांनी आम्हाला फिरवलं. मग टाक्यांच्या शेडमध्ये नेलं आणि शेवटी एका लांब टेबलापाशी उभं केलं. ग्लासात दोन बोटं पांढरी वाइन ओतली गेली. इतरांबरोबर मीही एक ग्लास उचलला. बाईंनी सगळ्यांकडे पाहत विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

मी हात वर केला. बाई टेबलाला वळसा घालून आल्या, माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि द्राक्षांच्या रसाचा ग्लास दिला. सगळे हसले. मला ओशाळल्यासारखं झालं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी काढून घेतलेला ग्लास परत माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "प्यायची नाही. पण वास घ्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. सांगा, कशाचा येतोय?"

मी नाक खुपसलं. काही कळेना. मग म्हणालो, पेरूचा. खूप पिकलेला पेरू घरात ठेवल्यावर येतो तसा. बाई एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, बाकीच्यांनीही असंच सांगायचं, आधी वास, मग घोट, आणि पुस्तकातलं फळ सांगायचं नाही, खाल्लेलं सांगायचं. त्यानंतर त्या टेबलापाशी जी मजा आली ती मी विसरलो नाही. कुणाला लिंबाची साल आली, कुणाला मध. उतरायला तयार नसलेले काका सगळ्यांत शेवटी, अगदी हळू आवाजात म्हणाले, लहानपणी आमच्या गोठ्यात कडबा रचून ठेवायचे, त्याचा येतो. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. ते त्या दिवशी एक थेंबही प्यायले नाहीत. ग्लास मात्र निघेपर्यंत हातात धरून होते.

तेव्हापासून माझी गाडी तिकडे वारंवार जाऊ लागली. पुण्याचे लोक, नगरचे लोक, कधी कुणाचे परदेशातून आलेले जावई. मी दर वेळी टेबलाच्या टोकाला उभा राहून नुसता वास घ्यायचो, आणि मंडळी गेल्यावर बाई मला विचारायच्या, आज काय सापडलं? अशी माझी शाळा सुरू झाली.

बाईंनी हा उद्योग का काढला, याच्या निरनिराळ्या कहाण्या मी ऐकल्या आहेत. बाई स्वतः सांगतात ती अशी. अप्पांची खायच्या द्राक्षांची बाग होती. ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकायचे आणि वर्षाची मेहनत मातीत जायची. बाई तेव्हा राहुरीला रसायनशास्त्र शिकवत होत्या आणि सुटीला शेतावर यायच्या. एकदा तडकलेल्या घडांच्या ढिगापाशी उभ्या असताना त्यांना आंबल्याचा वास आला. अप्पा डोक्याला हात लावून बसले होते आणि बाई मात्र त्या वासात काय काय आहे ते शोधत होत्या. हा शेवटचा भाग अप्पा सांगतात, आणि सांगताना अजून थोडे चिडतात. निवृत्तीनंतर बाईंनी बागेच्या निम्म्या भागात वाइनच्या जाती लावल्या, ठिकठिकाणच्या वाइनऱ्यांत जाऊन महिना महिना राहिल्या, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या लोकांच्या हाताखाली टाक्या धुतल्या आणि मग स्वतःचं काम उभं केलं.

पण ते उभं राहिल्यावर गावात जे घडलं ते इथे सांगितलं पाहिजे, कारण बाईंचा खरा स्वभाव तिथे दिसला. चाखण्यासाठी पाहुणे येऊ लागले, तसा हायवेच्या फाट्यावर अप्पांनी वाइनरीचा मोठा फलक लावला. त्यानंतरच्या ग्रामसभेला गावातल्या बायका जमून आल्या. बाईंनी मला बोलावलं नव्हतं. मी त्या दिवशी पाहुण्यांचं ठरवायला आलो होतो आणि अप्पांबरोबर सभेत जाऊन बसलो. बायकांच्या वतीनं सोनाबाई बोलल्या. सोनाबाई दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. नवरा दारूत गेला, त्यानंतर त्या एकट्या जाऊ लागल्या. सभेत त्यांचा आवाज चढला नाही.

"बाई, तुमचा आमाला लई मान हाय," त्या म्हणाल्या. "पर माझ्या घरातला माणूस दारूनं गेला. तुमची म्हाग आसंल, चांगली आसंल, पर ती दारूच हाय. आमच्या लेकरांनी रोज फाट्यावर त्योच फलक वाचायचा का?"

अप्पा उठून उभे राहिले. वाइन वेगळी आणि दारू वेगळी, हे समजावून सांगायच्या तयारीनंच ते आले होते. बाईंनी त्यांना हातानं खाली बसवलं.

"सोनाबाई बरोबर बोलतात," बाई म्हणाल्या. "वाइन ही दारूच आहे. नाही असं मी म्हणणार नाही. मी ती बनवणं सोडणार नाही, पण गावात ती विकणार नाही."

सभेत कुजबुज सुरू झाली. बाईंनी तिथेच सांगितलं की फाट्यावरचा फलक उतरेल, गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या कुणालाही बाटली मिळणार नाही, आणि आधी कळवून आलेल्या पाहुण्यांशिवाय कुणाला फाटक उघडणार नाही. हे पाळलं जातं की नाही ते बघायला बायकांनी केव्हाही यावं. परतताना अप्पा फाट्यावर स्वतःच गाडी थांबवून उतरले आणि फलकाच्या तारा सोडू लागले. मी पक्कड आणून दिली.

तो नियम आजही आहे. त्यापायी फाट्यावरून येणारं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरी लग्न होतं, त्यांनी बाटल्या मागितल्या आणि बाईंनी हात जोडून नकार दिला, तेव्हा मी समोर होतो. सोनाबाई पुढे तोडणीच्या कामाला बाईंकडे येऊ लागल्या, मग छाटणीलाही, आणि हळूहळू त्यांचं ऊसतोडीला जाणं थांबलं. पण त्यांनी बाईंचा उद्योग मान्य केला, असं कुणी समजू नये. वेलींत त्या दिवसभर राबतात, टाक्यांच्या शेडमध्ये मात्र पाऊल टाकत नाहीत. बाईंनी त्यांना एकदाही आत बोलावलेलं नाही. या दोघींना एकमेकींबद्दल जितका आदर आहे तितका मी फार थोड्या माणसांत पाहिला.

कोरोनाच्या साथीच्या वर्षी माझी गाडी दाराशी उभी राहिली. सहली बंद, लग्नं बंद. निर्बंध जरा सैल झाल्यावर बाईंचा फोन आला. पाहुणे येत नाहीत तोवर टाक्यांच्या कामाला ये, पुढे पाहुणे आले की टेबल तूच सांभाळ, असं त्या म्हणाल्या. मला हवंच होतं. अडचण माझ्या आईची होती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. मुलगा गाडी चालवतो, हे ती अभिमानानं सांगायची. तो दारूच्या कारखान्यात लागला, हे शेजारणींना कसं सांगायचं, म्हणून तिनं जेवण सोडल्यासारखं केलं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या आणि अप्पा केडगावला आमच्या घरी आले. बाई ओट्यापाशी आईजवळ बसल्या. तासभर त्यांचं बोलणं निवडलेल्या मेथीवर, गुडघ्यांवर आणि राहुरीच्या बाजारावर चाललं. निघताना बाई म्हणाल्या, "आई, तुमच्या मुलाला मी प्यायला ठेवलेलं नाही. वास घ्यायला ठेवलंय." त्यानंतर आई शेजारी सांगू लागली की आमचा अनिल नाकाच्या नोकरीत आहे. कुणालाच काही उलगडायचं नाही, आणि तिला तेच हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या. ताप गेला, खोकला गेला, त्या घरी आल्या. त्या हंगामाची शिराझ ही लाल वाइन तेव्हा पिंपांत मुरत होती. कुठलं पिंप कुठल्यात मिसळायचं, हे ठरवायचे ते दिवस. वाइनरीत यापेक्षा नाजूक काम नसतं. बाई माझ्यासमोर पिंपापिंपातून नमुना काढायच्या, ग्लास फिरवायच्या, नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, तू सांग आधी. पूर्वी त्या आधी सांगायच्या आणि मला तपासायच्या. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"अनिल, मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "काहीच येत नाही. पाण्यासारखं आहे सगळं."

त्या एखाद्या प्रयोगाचा निकाल सांगावा तशा बोलत होत्या. डॉक्टर म्हणतात परत येईल, किंवा येणार नाही. तोवर काम थांबवता येत नाही. मोजता येण्याजोगं सगळं मी मोजेन, नाकाचं काम तू कर.

मी घाबरत घाबरत सुरुवात केली. बहुतेक पिंपं मला ओळखीची वाटली. जांभूळ, काळी मिरी, थोडा धूर. भिंतीकडेच्या दोन पिंपांशी मात्र मी अडलो. खाली कुठेतरी ओल्या बारदानाचा वास आहे, असं वाटत होतं. पुन्हा वास घेतला की नाहीसा व्हायचा. बाईंनी त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेत तपासण्या केल्या, तिथे सगळं ठीक निघालं. अप्पांना बोलावलं, त्यांनाही काही जाणवलं नाही. मिसळलं नाही तर वाइन कमी भरणार होती. मिसळलं आणि माझी शंका खरी निघाली, तर सगळीच बिघडणार होती.

बाईंनी मला बाहेर, कडुनिंबाखाली बसवलं.

"तुला खात्री आहे?"

"नाही, बाई."

"पण शंका आहे?"

"शंका आहे."

"मग शंका पुरे," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन त्या दोन पिंपांवर खडूनं फुल्या मारून आल्या.

आयुष्यभराचा त्यांचा अनुभव एका बाजूला आणि गाडी चालवणाऱ्या माणसाची अर्धवट शंका दुसऱ्या बाजूला. त्यांनी माझ्या शंकेवर हंगामाचा निर्णय घेतला. काही आठवड्यांनी तो वास इतका वाढला की दारातून आत आलं तरी कळायचा. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाई दारात उभ्या होत्या. सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. त्यांना स्वतःला तेव्हाही तो वास येत नव्हता.

त्याच सुमारास पुण्याच्या एका हॉटेलचे गृहस्थ खरेदीसाठी आले. दरवर्षी ते बाईंच्या शब्दावर माल उचलायचे. ही गोष्ट सध्या सांगू नये, असं अप्पांचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही होतं. बाईंनी गृहस्थांच्या हातात ग्लास दिला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की माझं नाक बंद आहे, या वर्षीची वाइन अनिलनं पारखली आहे. गृहस्थ चहा पिऊन, काही न घेता गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर बाई मला म्हणाल्या की विद्यार्थ्याचा पेपर आपला म्हणून दाखवणं मला शाळेतही जमलं नव्हतं. तेवढं बोलून त्या टाकी धुवायला गेल्या.

रोज सकाळी बाई पडवीत वाट्या मांडून बसायच्या. एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी, एकीत चुरलेली कोथिंबीर. डोळे मिटून एकेक वाटी नाकाशी धरायची, वास आठवायचा आणि पुढची घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलेला हा व्यायाम. पावसाळा गेला, फळासाठी करतात ती गोडी छाटणी आली, वाट्या रोज मांडल्या जायच्या आणि रोज तशाच उचलल्या जायच्या. त्या तक्रार करत नसत. फक्त एकदा म्हणाल्या की वाइनचं काही वाटत नाही रे, पण फोडणी दिल्याचं कळत नाही, त्यामुळे घर आपलं वाटत नाही.

छाटणीच्याच एका दुपारी बायका वेलींच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या होत्या. बाई ओळीतून चालल्या होत्या, मी मागे होतो. सोनाबाईंनी फडक्यातली भाकरी काढली, तिच्यावर ठेचा होता. बाई थबकल्या. दोन पावलं मागे आल्या.

"सोनाबाई, त्यात लसूण आहे?"

"हाय की. लसणाबिगर ठेचा व्हतो व्हय?"

बाई तिथेच मातीत बसल्या. सोनाबाईंच्या हातातली भाकरी घेऊन त्यांनी नाकाशी धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाकीच्या बायका गोंधळल्या. सोनाबाईंना मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांनी भाकरीचा अर्धा भाग मोडून बाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खावा निवांत. आजून हाय."

अप्पांना ही बातमी सांगायला मी धावत गेलो. ते विहिरीवर मोटर दुरुस्त करत होते. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि वेलींच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांना इतक्या भराभर चालताना पाहिलं नव्हतं.

नाक परत आलं, पण पूर्वीचं नाही. कॉफी बाईंना अजून जळकी लागते. गुलाबाचा वास येतच नाही. पांढरी वाइन त्या पुष्कळशी ओळखतात. लालमध्ये अधूनमधून अडतात आणि मग माझ्याकडे बघतात. आज पाहुणे येतात तेव्हा टेबलापाशी पहिलं वाक्य बाई हेच बोलतात की माझं नाक अर्धं आहे, तेव्हा उरलेलं काम तुम्ही करा. याचा परिणाम मजेशीर होतो. तज्ज्ञांपुढे बोलायला लाजणारी माणसं बाईंपुढे मोकळी होतात. परवाच एका आजीबाईंनी शिराझचा वास घेऊन सांगितलं की आमच्या गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला लागून राहिलेल्या गुळाचा येतो. बाईंनी पुन्हा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, येतोय, तुम्ही सांगितल्यावर येतोय.

पूर्वीचे दिवस मला फार आठवतात. वेलींपलीकडे रस्ता कच्चा होता, पाहुणे मोजके होते, बाई भराभर चालायच्या आणि त्यांच्यामागे धावताना माझी दमछाक व्हायची. आता त्या काठी घेऊन चालतात. केडगावची माझी आई आता नाही. काही जुने पाहुणेही राहिले नाहीत. त्यांच्या मुलांच्या गाड्या येतात आणि मुलं विचारतात, आमचे बाबा इथे उभे राहिले होते का? आम्हाला ती जागा ठाऊक असते. आम्ही दाखवतो.

यंदा बाईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली. हारतुरे नकोत, म्हणाल्या. त्याऐवजी गावाकडच्या उताराला, जिथे आजवर नुसती बाभळ होती, तिथे त्यांनी शिराझच्या नव्या वेली लावून घेतल्या. खड्डे घेताना अप्पांनी विचारलं की या वेली फळाला येणार कधी, त्याची वाइन पिंपात मुरणार कधी आणि ती चाखणार कोण? बाईंनी काठीनं पुढच्या खड्ड्याची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "मी. मला घाई नाही."

प्रमिलाबाईंना आणि अप्पांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या उतारावरची पहिली वाइन पिंपातून निघेल त्या दिवशी बाईंनी टेबलाच्या टोकाशी उभं राहावं, ग्लास हातात घ्यावा आणि आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत वास कशाचा आहे ते सांगून टाकावं, एवढीच त्यांच्या या उशिरा भरती झालेल्या विद्यार्थ्याची इच्छा आहे.